महिपतीनं आणलेला इतिहास

एका गावात एक भोळा शिपाई होता. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण त्यांना भोळेपणाचा पगार मिळत नव्हता. याला मिळायचा.

गावाचं नाव मांजरदरे आणि शिपायाचं नाव महिपती. आईबापांनी नाव राजाचं ठेवलं आणि मागे दुसरं काही ठेवलं नाही. महिपती अंगानं दणकट, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलेलं तो विसरायचाही नाही. घोटाळा व्हायचा तो इथेच. एखादी गोष्ट त्याला नीट समजावून सांगितली, की ती तो जपून ठेवायचा आणि पुढच्या, अगदी वेगळ्या कामाला वापरून टाकायचा.

मांजरदरे एके काळी घाटाखालची पेठ होती. बैलांचे तांडे यायचे, व्यापारी जकात भरायचे आणि मग घाट चढायचे. त्या जकातीच्या नाक्याची कौलारू इमारत अजून उभी होती आणि तिच्यात गावाचं संग्रहालय होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परस. ते चालवायच्या कारखानीस बाई, आणि महिपती तिथलाच शिपाई. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातला इतिहास काही निवृत्त होईना. मग त्यांनी घरोघर फिरून माळ्यावरच्या आणि गोठ्यातल्या जुन्या वस्तू गोळा केल्या. लोकांनी हौसेनं दिल्या. आपल्या घरातली अडगळ बाईंच्या खोलीत गेली की तिला इतिहास म्हणतात, एवढं लोकांना समजलं होतं.

एके दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून टिपरे साहेब आले. दोन्ही खोल्या त्यांनी नाकाला रुमाल लावून पाहिल्या.

"हे बघायला येतं कोण?"

"मुलं येतात की. डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळांची," बाई म्हणाल्या.

"आज दिसत नाहीत."

"एसटी असते तेव्हा शाळा नसते. शाळा असते तेव्हा एसटी नसते."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "बाई, जमाना बदललाय. प्रत्येक वस्तूचा एक फोटो काढा आणि ऑनलाइन चढवा. मुलांना चित्र पुरतं. वस्तू आपण जिल्ह्याच्या गोदामात सुरक्षित ठेवू."

त्या गोदामाची कीर्ती बाईंना ठाऊक होती. तिथे गेलेली वस्तू पुन्हा कुणी पाहिली नव्हती. उंदरांनी पाहिली असेल तर असेल. बाईंनी साहेबांना विनवलं. म्हणाल्या, मी दर गुरुवारी ऑनलाइन पाठ घेते, सगळ्या वाड्यांच्या शाळांना एकेक वस्तू दाखवून आपल्या भागाचा इतिहास शिकवते. मुलं रमली तर वस्तू इथेच राहू द्या.

"महिनाभर घ्या," साहेब म्हणाले. "शेवटच्या पाठाला मी येतो. ट्रक घेऊनच येतो, म्हणजे फेरी वाया जायला नको."

महिपती दारात उभा राहून हे ऐकत होता. इतिहासातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण त्या वस्तूंवर त्याचा फार जीव होता. रोज सकाळी झाडताना तो प्रत्येकीशी बोलायचा. "जरा सरक गं," म्हणायचा आणि मग स्वतःच तिला सरकवायचा. त्या रात्री त्याला भाकरी गेली नाही.

"बाई, म्या काय करू ते सांगा फकस्त," तो म्हणाला.

"तू मी सांगेन ती वस्तू आणून द्यायची. बाकी मी बघते."

पहिल्या गुरुवारी बाईंनी तयारी झकास केली होती. डब्यांवर डबे रचून त्यावर फोन उभा केला. खिडकीचा उजेड बरोबर टेबलावर पडत होता. पलीकडे वाड्यांवरच्या शाळांतली मुलं मास्तरांच्या फोनसमोर दाटीवाटीनं बसली होती. चूक होण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मग बाई महिपतीकडे वळल्या.

"महिपती, ते आतलं तांब्याचं नाणं घेऊन ये. आणि जरा पुसून आण, मुलांना दिसलं पाहिजे."

महिपती आत गेला. नाणं काळपट हिरवं पडलं होतं. त्यानं सदऱ्याला पुसलं, पण ते काही दिसण्याजोगं दिसेना. मग तो परसात गेला. चिंच घेतली, राख घेतली, आणि पितळेचा तांब्या घासतात तसं नाणं घासायला बसला. आत बाई नाण्यावरच्या अक्षरांबद्दल मुलांना सांगत होत्या आणि बाहेर महिपती ती अक्षरं काढत होता.

नाणं आलं ते लखलखत आलं. बाईंनी न बघताच ते कॅमेऱ्यासमोर धरलं. "आता सांगा मुलांनो, यावर काय लिहिलंय?"

मुलं फोनला नाक लावून बघू लागली. मग धनगरवाडीच्या शाळेतली ईश्वरी म्हणाली, "बाई, हे चॉकलेटचं हाय का? माझ्याकडं बी हाय असलं."

बाईंनी नाणं उलटून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते बटणासारखं गुळगुळीत झालं होतं. पाठ आवरता घेतला आणि बाई कपाळाला हात लावून बसल्या.

"अरे, अक्षरं गेली ना."

"मळाबरोबर गेली असत्याल, बाई."

"महिपती, नीट ऐक. जुन्या वस्तूला आपण काही करायचं नाही. पुसायची नाही, धुवायची नाही. जशी आहे तशी उचलायची आणि आणायची. कळलं?"

"कळलं की, बाई."

आणि त्याला खरंच कळलं होतं.

पुढच्या गुरुवारी रांजणाची पाळी होती. पेठेतल्या वाटसरूंना पाणी द्यायला नाक्यावर जो मोठा रांजण असायचा तो. जागेअभावी त्याला मागच्या पडवीत ठेवला होता. महिपती पडवीत गेला. रांजणात डोकावला तर आत शेजारच्या हौसाबाईंची कोंबडी अंड्यांवर बसली होती. कोंबडीनं महिपतीकडे पाहिलं, महिपतीनं कोंबडीकडे. तिला उठवावं असं क्षणभर त्याच्या मनात आलंही. पण जशी आहे तशी म्हणजे जशी आहे तशी. त्यानं रांजण हळूच उचलला आणि आणून टेबलावर ठेवला.

बाई रंगात आल्या होत्या. घाटाची चढण, उन्हाळा, तहानलेले बैल, सगळं त्या डोळ्यांसमोर उभं करत होत्या. एवढ्यात कुठूनतरी कुक-कुक ऐकू आलं.

"कुणाचा आवाज चालू आहे? सगळ्यांनी आपापले माइक बंद करा," बाई म्हणाल्या.

सगळ्या शाळांनी माइक बंद केले. कुक-कुक चालूच.

"धनगरवाडी, तुमचा अजून चालू आहे."

धनगरवाडीच्या मास्तरांनी फोन हातात घेऊन, बंद केलेला माइक बोटानं दाखवला. बाईंना वाटलं, जाऊ दे, खेड्यातल्या शाळा आहेत. त्यांनी पाठ पुढे नेला. "तर मुलांनो, या रांजणात काय असायचं?"

मुलांनी उत्तर द्यायला माइक उघडले, आणि तेवढ्यात उत्तर स्वतःच बाहेर आलं. कोंबडी फडफडत वर आली, थेट डब्यांच्या उतरंडीवर बसली, उतरंड कलली आणि फोन सरळ रांजणात गेला. पलीकडे मुलांना आता अंडी दिसत होती. अगदी जवळून, तपकिरी, त्यातल्या एकाला चीर गेलेली. शाळेतसुद्धा मुलं एवढी चिडीचूप कधी बसली नव्हती. पिल्लू बाहेर येईल म्हणून ती वाट बघत होती आणि बाई कोपरापर्यंत हात घालून फोन शोधत होत्या.

पाठ संपला तेव्हा बाईंच्या केसात पिसं होती.

"अरे, आत कोंबडी आहे हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. पर तुमीच म्हनला, जशी हाय तशी."

बाईंनी केसातलं एक पीस उपटून काढलं. शाळेत चाळीस वर्षं काढलेली बाई होती, चिडणं त्यांना परवडत नव्हतं. "ठीक आहे. चुकलं माझंच. यापुढे वस्तू आणण्याआधी ती उघडून बघायची. आत जे काही असेल ते सगळं काढायचं आणि रिकामी करून मगच आणायची. कळलं?"

"कळलं की, बाई."

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी नाक्यावरचं ठोक्याचं घड्याळ काढलं. संग्रहालयातली हीच एक वस्तू अजून आपलं काम करत होती. त्याचे ठोके पडले की जकात घेणं सुरू व्हायचं आणि पेठेतली भांडणंही. बाईंना खात्री होती की एकदा हे ठोके मुलांच्या कानावर पडले की मागचं सगळं भरून निघेल. त्यांनी घड्याळ अगदी पाठाच्या वेळेला आणायला सांगितलं, म्हणजे अकराचे ठोके बरोबर कॅमेऱ्यासमोर पडतील.

महिपतीनं घड्याळ आणून टेबलावर ठेवलं. या खेपेला त्याचा चेहरा फुलला होता. काम चोख झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि बाईंना तिथेच शंका यायला हवी होती.

"मुलांनो, आता एकदम शांत राहा. शंभर वर्षांपूर्वी या पेठेत जो आवाज घुमायचा तोच तुम्ही आत्ता ऐकणार आहात," बाई म्हणाल्या.

मुलं शांत झाली. अकरा वाजून गेले. मुलं शांतच. बाई हात जोडून उभ्या होत्या. शेवटी ईश्वरीला राहवलं नाही.

"बाई, तुमचा माइक बंद हाय वाटतं."

बाईंनी बघितलं. माइक चालू होता. मग त्यांनी घड्याळाचं दार उघडलं. आत पलीकडची भिंत दिसली.

"महिपती, आतलं कुठं आहे?"

"काढलं की. लई होतं, बाई. चाकं काय, कमान काय, ते लोंबतं काय. सगळं डालड्याच्या डब्यात भरलंय. डबा बी भरून वर उरलंय."

त्यानं डबा आणून कॅमेऱ्यासमोर हलवला. तेवढाच काय तो आवाज मुलांनी त्या दिवशी ऐकला.

बाई त्या दिवशी रागावल्या. महिपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळ आणि डबा दोन्ही तालुक्याच्या घड्याळजीकडे पाठवून बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "सुटं केलंस ते तू जोडायला हवं होतंस. वस्तू सुटी झाली की तिची किंमत जाते. इथून पुढे काहीही सुटं दिसलं तर ते जोडून ठेवायचं. एक तुकडासुद्धा सुटा राहता कामा नये. कळलं?"

"कळलं की, बाई," महिपती म्हणाला, आणि मनात देवाला सांगितलं की आता तरी बाईंना त्रास नको.

चौथ्या गुरुवारचा विषय होता खापरं. नदीकाठी सापडलेले मडक्यांचे तुकडे. कुठला जाड, कुठला पातळ, कुठला काळा, कुठला तांबडा. प्रत्येक तुकडा वेगळ्या काळातला, वेगळ्या मडक्याचा, आणि तेच तर बाईंना दाखवायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनी ते ताटात ओळीनं मांडून ठेवले. "उद्या हे ताट आण," एवढंच सांगून त्या घरी गेल्या.

महिपतीनं ताट पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. सगळेच सुटे. त्यानं बाभळीचा डिंक आणला, दिवा लावला आणि बसला जोडत. तुकडे एकमेकांना बसत नव्हते, पण महिपतीचा स्वभाव माघार घेणारा नव्हता. जिथे बसत नव्हते तिथे डिंक जास्त लावला. सकाळी ताटात एक भांडं उभं होतं. त्याला दोन तोंडं होती. एक तोंड वर, एक बाजूला. कान होता तो आतून होता. बूड नव्हतं, कारण बुडाचा तुकडा तोटी म्हणून वापरला होता.

नेमके त्याच दिवशी टिपरे साहेब पाठ कसे चाललेत ते बघायला आपल्या कचेरीतून ऑनलाइन आले. बाईंनी त्यांना नमस्कार केला, मुलांना नमस्कार करायला लावला, आणि मग महिपतीनं ताट समोर ठेवलं.

बाई भांडं फिरवून त्याचं खरं तोंड कुठलं ते शोधू लागल्या. मुलं मात्र लगेच बोलली. एका पोराला ते कोंबड्यांचं घर वाटलं, मागच्या अनुभवावरून. एकजण म्हणाला, दोन भावांनी वाटण्या झाल्यावर वापरायचं मडकं असणार. शेवटी ईश्वरीनं विचारलं, "बाई, हे खरंच कशाला वापरायचे?"

मुलांशी खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. "कशालाच नाही," त्या म्हणाल्या.

"मग ठेवता कशाला?" टिपरे साहेब पलीकडून म्हणाले. "बाई, मी म्हटलं नव्हतं? चित्र पुरतं. पुढच्या गुरुवारी शेवटचा पाठ. आमच्या कचेरीच्या मोठ्या मॅडमसुद्धा बघणार आहेत. मी ट्रक घेऊन येतो."

फोन बंद झाला. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. महिपतीनं पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी घेतला नाही.

"महिपती, तुझं नाही चुकलं रे. मीच कमी पडले," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "वस्तू नुसती समोर ठेवली तर पोरांना ती चित्रासारखीच दिसणार. ती वापरून दाखवायला हवी. खरा माणूस बसवायचा आणि ती वस्तू त्याला काय करते ते पोरांना बघू द्यायचं. तेव्हा कुठे त्यांना पटेल की ही खरी आहे."

"मानूस बसवायचा आन् वापरून दाखवायची," महिपती म्हणाला.

"हो. पुढच्या वेळी तसंच करू."

"कळलं की, बाई," महिपती म्हणाला.

बाईंनी शेवटच्या पाठासाठी तराजू निवडला. नाक्यावरचा मोठा, साखळदंडाचा तराजू. एका पारड्यात कांद्याचं पोतं ठेवायचं, दुसऱ्यात दगडी मापं, आणि जकात कशी ठरायची ते करून दाखवायचं. सगळं महिपतीला घेऊन दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा ते बरोबर झालं. बाईंना पहिल्यांदाच आशा वाटली.

गुरुवार उजाडला आणि पाठाच्या आधीच ट्रक दारात आला. टिपरे साहेबांबरोबर दोन हमाल होते. खाली उतरता उतरताच साहेबांनी हमालांना सांगून टाकलं, "खोलीत जे जे असेल ते उचला आणि ट्रकमध्ये भरा. मला पुन्हा पुन्हा विचारायला येऊ नका." हमाल शहाणे होते. त्यांनी विचारलं नाही. आधी खुर्च्या गेल्या, मग रांजण गेला, मग तराजू गेला.

बाई ओट्यावरून धावत आल्या तेव्हा पाठ सुरू झाला होता. फोन चालू होता, सगळ्या शाळा जमल्या होत्या आणि टेबलावर काहीच नव्हतं.

"माझा तराजू कुठाय?"

"ट्रकमध्ये," महिपती म्हणाला.

"मी घेऊन येते. तोवर तू मुलांना काहीतरी दाखव. त्यांना कंटाळा येऊ देऊ नकोस." आणि बाई हमालांशी भांडायला ट्रककडे गेल्या.

महिपतीनं खोलीत नजर फिरवली. फारसं उरलंच नव्हतं. एका कोपऱ्यात खोडा होता. खोडा म्हणजे नाक्यावर चोरी पकडली की चोराचे पाय अडकवायचं लाकूड. जाडजूड ओंडका, त्याला पावलांसाठी दोन अर्ध्या खोबणी, आणि वरून तशाच खोबणींचा दुसरा ओंडका बसवून पाचर ठोकायची. वरचा ओंडका भिंतीला टेकवून ठेवला होता.

आणि खालच्या ओंडक्यावर टिपरे साहेबांचे पाय होते.

त्याचं असं झालं होतं की ट्रकमधून घाट उतरताना साहेबांचे पाय सुजले होते. बूट काढून ते टेकायला जागा शोधत होते. खुर्ची मिळेना, तेव्हा एका गाठोड्यावर बसले. समोर लाकूड दिसलं, त्याला पाय ठेवायला खोबणीही होत्या. साहेबांनी घोटे त्या खोबणीत ठेवले, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. त्यांना फार बरं वाटलं.

महिपतीलाही फार बरं वाटलं. वस्तू होती आणि माणूस बसलेलाच होता.

त्यानं फोन उचलून खोड्यासमोर ठेवला. मग वरचा ओंडका उचलला, साहेबांच्या घोट्यांवर अलगद बसवला, पाचर लावली आणि लाकडी हातोडीनं तीन ठोके दिले. जुनं लाकूड, जुनी पाचर. बसली ती बसली.

टिपरे साहेबांनी डोळे उघडले. आधी त्यांना पाय ओढता येईनात. मग त्यांना समोर फोन दिसला आणि फोनमध्ये डोंगरभरची पोरं दिसली.

"हे काय आहे? काढ हे," साहेब म्हणाले.

"हा खोडा हाय, साहेब," महिपती म्हणाला. साहेबांनी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं.

पलीकडे पोरं एकमेकांच्या डोक्यावरून पुढे वाकली होती. धनगरवाडीच्या फोनवर तर फक्त ईश्वरीचं नाक दिसत होतं.

"साहेब," ईश्वरीनं विचारलं, "तुमी काय चोरलं?"

तेवढ्यात बाई तराजू ओढत आत आल्या आणि दारातच थबकल्या. तराजू हातातून सुटून खाली पडला. पाचर काढायला महिपतीला सांगितलं, ती निघेना. स्वतः ओढून पाहिली, निघेना. त्यांनी शेजारच्या पोरीला सुताराकडे पिटाळलं, तर निरोप आला की सुतार बाजारच्या गावाला गेलाय, दुपारी येईल. तेवढ्यात फोनमधून नवा आवाज आला.

"वा, टिपरे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्या नुकत्याच आल्या होत्या. "तुम्ही स्वतः खोड्यात बसलात? मुलांसाठी इतकं कोण करतं. चालू द्या, चालू द्या."

टिपरे साहेबांनी मॅडमना बसल्या जागेवरूनच नमस्कार केला. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पोरांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर खोचला. शेवटी बाई मास्तरीण होत्या, आणि इतका एकाग्र वर्ग त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. जकात चुकवणारा व्यापारी कसा पकडायचे, भर बाजारात कसा बसवायचे, येणारेजाणारे त्याला काय काय म्हणायचे. पोरांचे प्रश्न थांबेनात. साहेब, पाय झोपले का. साहेब, नाकावर माशी बसली की काय करता. साहेब, लघवीला लागलं तर. वाड्यांवर पोरांच्या आया डोकावायला आल्या आणि तिथेच बसल्या.

"साहेब," धनगरवाडीच्या मास्तरांनीही शेवटी विचारून घेतलं, "ही वस्तू बघायची तर चित्र पुरलं असतं का हो?"

"कसलं चित्र?" साहेब कळवळून म्हणाले. "घोटे गेले माझे."

ते ऐकून बाईंना जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना आनंद झाला.

आणि मग हमाल आत आले. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. खोलीत जे जे असेल ते उचलायचं आणि विचारायला यायचं नाही, असा त्यांना हुकूम होता. एकानं खोडा त्या टोकाला धरला, दुसऱ्यानं या टोकाला, आणि दोघांनी हं म्हणून उचलला. खोड्याबरोबर साहेबांचे पाय वर गेले. साहेब गाठोड्यावरून घसरून पाठीवर पडले आणि तसेच दाराकडे फरफटत निघाले.

"हलवू नका," साहेब ओरडले. "काही हलवू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या."

हमाल थांबले.

"सगळंच का, साहेब?" महिपतीनं नीट विचारून घेतलं.

"सगळं, सगळं. इथलं काहीसुद्धा हलवायचं नाही."

फोनमध्ये मोठ्या मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"टिपरे, तुमच्याच टिपणावरून वस्तू हलवायचं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "पण प्रत्यक्ष अनुभव घेऊन तुमचं मत बदललं असेल, तर माझी हरकत नाही. संग्रहालय तिथेच राहील. आजच तसा हुकूम काढते." आणि पोरांनी सगळे माइक उघडून असा गलका केला की फोन जागच्या जागी कलंडला.

हमालांनी खोडा खाली ठेवला आणि कुरकुरत ट्रकमधून रांजण उतरवायला गेले. बाई ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथे मनसोक्त रडल्या. मग डोळे पुसून आत आल्या. साहेबांचे घोटे लाल झाले होते. बाई काही निर्दय नव्हत्या. घरी जाऊन हळद-तेल गरम करून आणते, तोवर सुतारही येईल, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. पण साहेबांची नजर अजून ट्रकवर होती, ते बाईंना दिसलं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी महिपतीला बाहेर बोलावलं.

"महिपती, साहेबांचा काही भरवसा नाही. मोकळे झाले की शब्द फिरवतील. तू दारात उभा राहा. इथलं काही हलू द्यायचं नाही. कुणीही आलं तरी नाही. खुद्द साहेब जरी म्हणाले की हलव, तरी ऐकायचं नाही. कळलं?"

"कळलं की, बाई."

बाई घरी गेल्या. ट्रक रिकामा झाला आणि साहेबांना न विचारताच, हमालांना घेऊन निघूनही गेला. थोड्या वेळानं सुतार आपली पेटी घेऊन आला आणि आत जायला लागला. महिपतीनं दारात हात आडवा घातला.

"कुठं निघालास?"

"साहेबास्नी काढायला. निरोप आलाय."

"न्हाय जमायचं. इथलं कायबी हलवायचं न्हाय."

"आरं, पर साहेब आत वरडत्यात की."

"वरडू दे. साहेब म्हनलं तरी ऐकायचं न्हाय, आसं सांगितलंय."

"मला काढ रे बाबा," साहेब आतून म्हणाले. "मी सांगतोय, मला इथून हलव."

"बघ," महिपती सुताराला म्हणाला. "म्हनलंच त्यांनी. बाईंनी आधीच सांगितलं हुतं, म्हनतील म्हनून."

सुतारानं डोकं खाजवलं. "मग मी कधी येऊ?"

"गुरुवारी ये. पोरं बी बघतील."

सुतार पेटी उचलून गेला. महिपतीनं आत जाऊन साहेबांना नीट पाहून घेतलं. सकाळी होते तिथेच होते. मग त्यानं दार ओढून कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली आणि आता इथलं काहीसुद्धा हलणार नाही, हे बाईंना सांगायला आनंदानं निघाला.